मध्यंतरापर्यंतचा इतिहास

खरं सांगा, वाघांच्या जंगलात, पावसाळाभर गुडघ्याएवढ्या चिखलात उभ्या असलेल्या धानाच्या मुलुखात, घोडे पाळायची कल्पना शहाण्या माणसाच्या डोक्यात येईल का? नाही ना? मग ती ज्याच्या डोक्यात आली त्याच्या कौतुकाचा फलक रस्त्याकडेला उभा राहतो, भरल्या गाड्या त्याच्यावरून जातात, आणि एकाही प्रवाशाला राग कसा येत नाही?

मला आला. माझा राग घरचा आहे. इचलकरंजीला वडील यंत्रमागावर होते आणि संघटनेची पत्रकं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे असायचं. इतर मुलं 'कमळ बघ' वर अक्षरं शिकली, मी 'कामगार बंधूंनो' वर शिकलो. आमच्याकडे आमटीत मीठ कमी पडलं तर आई निषेध नोंदवू देते, फक्त थोडक्यात नोंदवा म्हणते. असं वाढलेलं माणूस एसटीच्या खिडकीशी बसलं की फलक वाचतं, आणि फलक वाचला की पेटतं.

मूलच्या पुढे

त्याआधी ताडोब्याच्या वेशीवर, मोहर्लीला दोन दिवस झाले होते. तिथं सगळे वाघाबद्दल बोलतात आणि जिप्सीत बसलेल्यांच्या टोप्या तेवढ्या दिसतात. मला जंगलात राहणारी माणसं बघायची होती, म्हणून मूल गावाला येऊन पोंभुर्ण्याकडे जाणारी गाडी धरली. धानाची कापणी उरकत आली होती. बांधावर भारे, मधूनच एखादं जुनं तळं, त्यात उभे बगळे, आणि मग एकदम साग.

एका वळणावर पर्यटन खात्याचा तपकिरी फलक दिसला. गाडी खड्ड्यापाशी हळू झाली म्हणून पहिल्या दोन ओळी वाचता आल्या. मी उठलो आणि गाडी थांबवायला सांगितली.

"इथी कायले उतरून राह्यले, भाऊ?" कंडक्टर म्हणाला. "इथी काईच नाई."

"फलक आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि घंटी दिली. गाडी गेली. तिच्यामागून धूळ गेली, आणि धुळीमागून माझ्या लक्षात आलं की पिशवी वरच्या फळीवर राहिली. तिच्यात माझे सगळे कपडे होते आणि वाटायला आणलेली पत्रकं. संतापाच्या भरात उतरणाऱ्याने आधी सामान उतरवावं, हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं.

तरी मी फलक पूर्ण वाचला. मजकूर असा होता:

'ऐतिहासिक अश्वपैदास केंद्र, घोडाबोडी. इंग्रज राजवटीत एका शूर साहेबाने या ठिकाणी लष्करासाठी उमद्या घोड्यांची पैदास सुरू केली. साहेबाची लाडकी पांढरी घोडी मोती हिच्यावर वाघाने झेप घेतली असता साहेबाने केवळ चाबकाने वाघाशी झुंज देऊन तिचे प्राण वाचवले. कृतज्ञ ग्रामस्थांनी साहेबाला खांद्यावर घेऊन आनंदनृत्य केले.'

'कृतज्ञ ग्रामस्थ' या दोन शब्दांवर माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. माणसांना वेठीला धरायचं, त्यांचं रान घ्यायचं, आणि वर त्यांच्याच खांद्यावर नाचायचं. मनात मी पत्रकाचा मथळाही ठरवला: 'खोटा इतिहास पुसा'.

एवढ्यात फलकाच्या मागून एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, सदरा, खांद्यावर दुपट्टा. त्यांनी दुपट्टा काढला आणि फलक पुसायला लागले. अगदी प्रेमाने, एकेका ओळीवरून.

"काका," मी म्हणालो, "इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली. त्यांचं कौतुक तुम्ही अजून पुसत बसता?"

"त्याईचं कायचं जी?" ते म्हणाले. "हे माह्यं हाये."

"काय तुमचं?"

"लिवलेलं. नाव टाकलं नाई खात्यानं, पन अक्षर न् अक्षर माह्यं हाये." त्यांनी 'आनंदनृत्य' वर दुपट्टा फिरवला. "हे एक सोडून. म्या 'नाच' लिवला होता."

"तुम्ही इतिहासकार आहात?"

"नाई जी. नाटकवाला."

त्यांचं नाव लटारूभाऊ. आता आमच्या बाजूच्या वाचकांसाठी सांगायला हवं की हा भाग झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो आणि इथं नाटक ही चैन नाही. धान निघालं की गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्रा, आणि मंडईला नाटक पाहिजेच. पाहुणे येतात ते जेवायला नाही, नाटकाला येतात. जेवण मध्ये होतं. आमच्याकडे जत्रेत कुस्त्या नसल्या तर लोक जसे तोंड पाडून परततात तसं इथं नाटकाचं. मोठी गावं वडशाहून नाटक कंपनी आणतात. घोडाबोडी लहान आहे, ते आपलं आपण करतात, आणि तरुणपणी लटारूभाऊंनी लिहिलेलं 'घोडेवाला सायब' हे दोन अंकी नाटक दरसाल तिथं होतं.

"मग हा फलक?"

"खात्याचा एक मानूस आलता मंडईले. इतिहास पायजे म्हने. आमी म्हटलं, राती हाये, बसा. त्यानं सारा पैला अंक लिवून घेतला. मध्यंतर झालं तं डायवर म्हने, सायब, जंगलचा रस्ता हाये, निंघा. गेले निंघून." लटारूभाऊंनी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. "अन् मंग फलक आला. मध्यंतरापर्यंतचा."

 राग कुणावर काढावा हेच कळेना.

"म्हणजे वाघाशी झुंज खोटी?"

"खोटी कशी? दरसाल होते."

"पण खरी घडली होती का?"

"आता घडतेच ना जी, मंडईच्या राती. तुमी येऊन पाहा."

घोडाबोडी

गाव रस्त्यापासून अर्ध्या तासावर, सागातून. वाटेत एक छोटं तळं लागतं, त्याला इकडे बोडी म्हणतात. घोडे इथं पाणी प्यायचे म्हणून घोडाबोडी. आता म्हशी पितात. त्या बाबतीत तरी स्वातंत्र्य पूर्ण मिळालेलं आहे.

जाताना मी विचारलं, घोडे तरी खरेच होते का?

"घोडे होते," लटारूभाऊ म्हणाले. "माही आजी सांगे. आले तवा भल्ले देखने होते. पानी पडलं, चिखल झाला, माशा सुटल्या, अन् धडाधड मेले. सायब गेला." थोडं चालून ते पुन्हा बोलले. "अन् एक सांगे ते, घोड्याईसाठी गावच्या बायाईले जबरदस्तीनं गवत कापाले लावत. मजुरी नाई. अन् एक दिवस साऱ्या बायाईनं इळे खाली ठेवले अन् भाऱ्यावर बसल्या. एवढं मले ठाऊक हाये. यावरून दुसरा अंक केला."

"आणि पहिला?"

"पैला म्या मनानंच बनवला. वाघ, घोडी, सारं. दुसऱ्या अंकासाठी लोक थांबले पायजेत ना? पैल्या अंकात वाघ टाकला."

मी जागीच थांबलो. सरकारने जे रंगवून उभं केलं ते सगळं यांनी रचलेलं, आणि आजीने सांगितलेलं जे होतं ते ड्रायव्हरच्या घाईत राहून गेलं. 'पुसा' ऐवजी आता काय मथळा द्यायचा?

यशोदाबाई, म्हणजे त्यांची बायको, दारातच उभी होती. माझ्याकडे बघून नवऱ्याला म्हणाली, "आनला का कोनी आखीन? फलक दाखवून मानसं धरून आनते हे बुढा. जेवले का, भाऊ?"

जेवायला भात. दुसऱ्यांदा भात. भाकरी कधी येणार याची मी वाट पाहत होतो, तोवर तिसऱ्यांदा भात. बरोबर वांगं आणि सुकट घातलेली झणझणीत भाजी आणि लाखोळीच्या डाळीचे गरम वडे. आम्ही कोल्हापूरकडचे लोक तिखटाचा फार तोरा मिरवतो. मी पहिल्याच घासाला पाणी मागितलं. यशोदाबाई पुढचा वडा वाढता वाढता म्हणाली, "लेकराचं तोंड लयच कवळं हाये."

पिशवीचा प्रश्न होता. कुणीतरी कुणाला फोन केला आणि कळलं की ती पोंभुर्ण्याला सुखरूप आहे, उद्याच्या गाडीने येईल. अंगावरचे कपडे धुळीने भरलेले. आंघोळ केल्यावर यशोदाबाईने मला कपडे दिले. घरात माझ्या मापाचे तेवढेच होते. खाकी तुमान, पट्ट्याचा लाल कोट आणि वर पुठ्ठ्याची टोपी.

"टोपी कशाला?"

"नाटकाच्या गाठोड्यात असते. काढून ठेवली तं हरपते."

अशा रीतीने साम्राज्यशाहीविरुद्ध लिहायला निघालेला मी, इंग्रज साहेबाच्या वेषात घोडाबोडीच्या ओसरीवर चहा पीत बसलो. येणारा-जाणारा रामराम करत होता. एकाने सलाम ठोकला. मी निषेध नोंदवला, थोडक्यात.

तालीम

भांडण काय आहे ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या व्हरांड्यात कळलं. मंडई तोंडावर होती आणि गावातल्या पोरांना दुसरा अंक वगळायचा होता.

"काऊन की," त्यांच्यातला एक मला समजावून सांगायला लागला, "पैला अंक इतिहास हाये. फलकावर हाये. दुसरा लटारूबानं मनानं जोडला. खोटं कायले दाखवाचं? त्यापरीस डान्स ठेवू."

लटारूभाऊ भिंतीला टेकून बसले होते. ज्या फलकाची चमक त्यांनी पुसून पुसून राखली होती, तोच त्यांचं नाटक अर्धं खायला निघाला होता. आजीच्या तोंडून आलेली बायकांची ती एक गोष्ट कुठल्या कागदात नाही, दगडावर नाही. ती फक्त या अंकात आहे. यंदा अंक गळला की पुढच्या वर्षी तो मागणारं कोण असणार?

खरी अडचण मात्र वेगळीच निघाली. साहेबाचं काम दिवाकरभाऊ करायचे. त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान, शिवाय मंडईचा लाऊडस्पीकर त्यांचाच. अंगाने भरदार, मिशा झोकदार. पहिल्या अंकात चाबूक फिरवून वाघ लोळवायचा, मग चौघांच्या खांद्यावर बसायचं. दुसऱ्या अंकात गवत बंद होतं, घोडे उपाशी, आणि साहेबाला स्वतः विळा घेऊन बायकांसमोर गवत कापावं लागतं, आणि यंदा दिवाकरभाऊ त्याला तयार नव्हते.

"मी धंदेवाला मानूस हाये," दिवाकरभाऊ म्हणाले. "सकारी लोक मले खत मांगतात, अन् राती मी बायाईसमोर वाकून गवत कापू? फलकावर कुठी हाये थे? दाखवा, मी कापतो."

मला राहवलं नाही. मी उठून बोललो. वेठबिगारीवर बोललो, इतिहास कोण लिहितं यावर बोललो, ज्यांच्या हातात विळे होते त्यांची नावं कुठल्या फलकावर आहेत असा सवाल केला. लाल कोटात होतो, ते बोलण्याच्या नादात विसरलो. भाषण संपलं तेव्हा शांतता होती. मला वाटलं, पोचलं.

"आवाज भल्ला हाये भाऊचा," मागून कुणी म्हणालं. "माइक नाई लागत."

"अन् कपडे बी बसले."

"मंग सायब यालेच करा ना."

मी स्वच्छ नकार दिला. मी इंग्रजाची भूमिका करणार नाही, हा माझ्यासाठी तत्त्वाचा प्रश्न आहे.

यशोदाबाई गवत कापणाऱ्या बायकांची पुढारी होती. नाटकात आणि, मला वाटतं, एरवीही. ती म्हणाली, "बरं. तुमचं तत्त्व ऱ्हाऊ द्या. अंक जाऊ द्या."

मी टोपी घातली.

शाळेमागे खरंच गवत वाढलं होतं. तिथं तालीम झाली. बायका भाऱ्यांवर बसल्या, पदर खोचून, आणि मी विळा हातात घेतला. मी आयुष्यात विळ्याची चित्रं खूप काढली आहेत. भिंतींवर, कापडावर, एकदा पोलीस चौकीच्या कुंपणावरही. पण तो धरतात कसा हे चित्रात दिसत नाही. मी गवताला वरून झोडपलं. गवत वाकलं आणि पुन्हा उभं राहिलं. मी ते डाव्या हाताने उपटलं, तर मुळासकट माती आली आणि मी बसलो. बायकांनी साहेबाला हसायचं, असा संवाद लटारूभाऊंनी लिहिलेला होता. तो म्हणायला कुणाला सुधरतच नव्हतं.

"सायब," यशोदाबाई डोळे पुसत म्हणाली, "तुमचे घोडे आज उपाशीच मरतेत." हे वाक्य नाटकात नव्हतं. लटारूभाऊंनी लगेच मान हलवली, राहू द्या म्हणून.

हसण्याचा आवाज गावात गेला. माणसं जमली. दुसरा अंक नको म्हणणारी पोरंही कडेला येऊन उभी राहिली आणि पुन्हा एकदा करा म्हणायला लागली. दिवाकरभाऊ दुकान उघडं टाकून आले होते. हाताची घडी घालून, मिशीवरून बोट फिरवत ते माझं काम बघत होते, आणि त्यांचा चेहरा क्षणाक्षणाला काळवंडत होता.

शेवटी ते पुढे आले आणि त्यांनी माझ्या हातातून विळा घेतला.

"हे काय लावलं? सायब असा पडते का? सायब मोठा मानूस हाये. त्याले येत नाई, पन तो दाखवते का मले येते म्हनून. मंग फसते. तवा लोक हासते." त्यांनी पाय रोवले, कंबरेत वाकले, विळा ऐटीत फिरवला आणि एकही काडी न कापता असे मागे वळून बघते झाले, जणू सगळं रान साफ केलंय. बायका भाऱ्यांवरून खाली घसरल्या. "तुमी सायबाची बेइज्जती करून राह्यले, भाऊ. टोपी द्या इकडं."

मी टोपी दिली. माझी नाट्यसृष्टीतली कारकीर्द एका दुपारची ठरली.

संध्याकाळच्या गाडीने पिशवी आली. कंडक्टरने ती खाली देताना विचारलं, "झाला का वाचून फलक?"

मंडई

मंडईच्या रात्री दुसरा अंक झाला. शेजारच्या गावांतून बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली आल्या होत्या. मी पहिल्या रांगेत, चटईवर, शेंगा खात. वाघाच्या झुंजीला शिट्ट्या पडल्या, पण गवताच्या प्रवेशाला शिट्ट्या थांबल्या आणि म्हाताऱ्या बायका नुसत्या उभ्या राहिल्या. शेवट काय होतो ते मी सांगणार नाही. त्याचं कारण असं.

सकाळी मी लटारूभाऊंना म्हणालो, दुसरा अंक मी छापतो. पत्रकाच्या आकारात, तुमच्या नावानिशी. फलकाशेजारी वाटू. मला वाटलं, म्हातारा हरखून जाईल. त्याचं छापलेलं ते फलकावरचं तेवढंच, आणि तेही बिननावाचं.

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "नको जी," म्हणाले. "पैला अंक छापला तं त्याचा इतिहास झाला. कोनी पाहाले येत नाई, वाचून जातात. हा ऱ्हाऊ द्या. ज्याले पायजे तो येईन."

"निदान फलकाबद्दल तक्रार तरी करू द्या."

"कायले? फुकटचा पैला अंक हाये रस्त्यावर. ऱ्हाऊ द्या उभा." मग जरा थांबून, "शेवट मातर लिवू नका कुठी."

मी शब्द दिला. छापील अक्षरावर वाढलेल्या माणसाला तो शब्द देताना काय वाटलं हे इथं सांगत बसत नाही. इचलकरंजीला वडिलांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, म्हातारा शहाणा आहे.

निघताना दिवाकरभाऊंच्या दुकानावरून गेलो. गिऱ्हाईकं त्यांना "सायब, झालं का गवत कापून?" असं विचारून खत मागत होती. ते वैतागले होते आणि प्रत्येकाला उत्तरही देत होते. मी म्हणालो, पुढच्या वर्षीही कराल ना?

"पाहू," ते वजनकाट्याकडे बघत म्हणाले. "पोरं डान्स म्हनून राह्यली. कोनी मांगतलं तं करीन. नाई मांगतलं तं मी कायले वाकू?"

म्हणून हे लिहिलं. तुम्ही ताडोब्याला जालच, सगळेच जातात. परतताना मूलच्या पुढच्या त्या वळणावर थांबा. फलक वाचा, रागवा, हवं तर लटारूभाऊंच्या वतीने धूळ पुसा, आणि मग सागातून आत चालत जा. खताच्या दुकानात मिशीवाले गृहस्थ बसलेले असतील. त्यांना विचारा, "दुसरा अंक यंदा आहे ना?" ते ऐकू न आल्यासारखं करतील. पुन्हा विचारा, जरा मोठ्याने, दुकानातल्या बाकीच्यांनाही ऐकू जाईल असं.